शेवटच्या खांबावरचं घर

"फ्रिज आहे का हो तुमच्याकडं?" मीटरवरची नजर न हलवता उरकुडे सरांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून चंद्रकलाचा आवाज आला. "आहे नं सर. दिवाळीतच आणला. पण बर्फ मागायला जा, कधी मिळत नाही."

पोरं खी-खी करून हसली. मी चंद्रकलाकडं असं पाहिलं की दुसरी एखादी असती तर घरात पळाली असती. पण ती आमची शेजारीण, तिला माझ्या डोळ्यांची सवय झालेली. भिंतीवर कोपरं टेकून ती मजा बघत राहिली.

मार्च सरत आला होता. सकाळची शाळा सुटल्यावर नववीचा अर्धा वर्ग आमच्या घरापुढच्या छपरीत येऊन उभा होता आणि सगळ्यांत मागं, दाराच्या चौकटीला पाठ लावून, माझी धाकटी पोरगी आचल. सरांनी पोरांकडून बाहेरच्या खोल्यांतलं एकेक बटण बंद करून घेतलं होतं. पंखे थांबले, टीव्ही बंद झाला, देवापुढचा झिरोचा दिवासुद्धा विझवला. तरी मीटरमधला तो लाल ठिपका आपला लुकलुकतोच आहे. वीज कुठं चालली होती हे त्या छपरीत फक्त मला आणि आचलला माहीत होतं.

फ्रिज आमच्याकडं नव्हताच. आतल्या खोलीत होतं ते यांचं मशीन. यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं, देवरावांचं. गावाबाहेरच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात यांची सगळी उमर गेली. मग फुप्फुसं कडक झाली. ती कोळशाच्या धुळीनं झाली, बिडीनं झाली की नशिबानं, हे डॉक्टरांनी ठामपणे कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की साधी हवा आता यांना पुरणार नाही. म्हणून ते मशीन आणलं. खोलीतली हवा ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीनं यांच्या नाकात सोडायचा, हे त्याचं काम. दिवसरात्र घरघर चालायची. बंद पडलं की थोड्याच वेळात यांचे ओठ निळे व्हायला लागायचे.

आणि हे आम्ही सगळ्या गल्लीपासून लपवून ठेवलं होतं. कारण मोठ्या पोरीचं, प्रणालीचं, वणीकडच्या एका घरी जमत आलं होतं. आमच्याकडं माणूस जरा जास्त खोकला की लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं टीबीचं. मग त्या घरातली पोरगी कोण करणार? घरात चौघांनी बसून ठरवलं, लग्न पार पडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मशीनचं खोकं हे एवढं मोठं. ते गल्लीतून आणताना चंद्रकलानं विचारलंच, काय गं आणलं? माझ्या तोंडून निघालं, फ्रिज. झालं! एकदा फ्रिज म्हटला की फ्रिजच. कोणाकडं पाहुणे आले की बर्फ मागायला बाया माझ्या दारात. मी कधी म्हणायची बिघडला आहे, कधी म्हणायची आत्ताच पाणी ठेवलं, जमलंच नाही. बिचारी वच्छला, बिनबर्फाचा फ्रिज घेऊन फसली, अशी माझी कीव करायला लागल्या. घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायचा. यांची कोणी चौकशी केली तर गुडघे धरले आहेत, बाहेर निघत नाहीत.

हे सगळं कसंबसं चाललं होतं आणि त्यात उरकुडे सरांची वीजबचत आली.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. बारीक अंगाचे, सायकलवर फिरणारे, मनानं चांगले. पुस्तकातली वीजबचत पोरं पाठ करतात आणि घरी जाऊन पंखा चालू ठेवून खेळायला पळतात, याचा त्यांना राग. म्हणून त्यांनी पोरांना आपापल्या घरचं मीटर पाहायला लावलं. कोणाच्या घरची वीज किती कमी झाली, हे दर आठवड्याला वर्गात फळ्यावर लिहायचे. आणि या सगळ्याची पुढारी कोण, तर आमची आचल. आता ती स्वतः शाळेत शिकवते, पण तेव्हाच्या तिच्या उत्साहाला तोड नव्हती. गल्लीत घरोघर जाऊन भाषणं द्यायची. घरात तर नुसता जाच. मी टीव्हीपुढं भाजी निवडत बसले की येऊन म्हणायची, आई, तू भाजीकडं बघतेस की टीव्हीकडं? इस्त्री बंद केली, कपडे गादीखाली घालून चापायचे. संध्याकाळी आपली पुस्तकं घेऊन फाटकापाशी जायची आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. मी म्हणायची, अगं बाई, डोळे फुटतील. ऐकेल तर शपथ.

एवढं करून फळ्यावर सगळ्यांत जास्त वीज आमच्याच घरची. दर आठवड्याला. वर्गातली पोरं बोलायला लागली की ही लोकांची बटणं बंद करत फिरते आणि हिच्याच घरी बघा. सर विचारत, आचल, काय चालू असतं गं घरी? ती मान खाली घालायची. एक दिवस ती शाळेतून आली ती जेवली नाही. प्रणालीनं खोदून खोदून विचारल्यावर रडत रडत सगळं सांगितलं. आतल्या खोलीत हे पडले होते, त्यांना सगळं ऐकू गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी यांनी मला विचारलं, "वच्छला, हे मशीन किती वीज खाते गं?"

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचं आहे? पडून राहा. हे पडून राहिले, पण डोळे उघडे होते.

आणि मग सरांनी ठरवलं की आचलच्या घरी नक्की वायरिंगमध्ये गळती असणार, आपण वर्ग घेऊन जाऊ आणि शोधून काढू. पोरांना शिकायला मिळेल आणि आचलवरचा डागही जाईल. त्यांच्या मनात चांगलंच होतं. आचलनं नाही-नाही ते बहाणे केले, पण सर आलेच.

तर सर म्हणाले, "काकू, पाच मिनिटं फ्रिज बंद करू या. काही खराब होत नाही. तरीही दिवा लुकलुकला, तर कुठंतरी गळती आहे समजायचं. ते धोक्याचं असतं. एखाद्या दिवशी भिंतीला हात लावाल आणि झटका बसेल."

मी सांगितलं की आत पसारा आहे, यांना बरं नाही, झोपले आहेत. सर म्हणाले, मग पोरं आत येणार नाहीत, तुम्हीच बंद करून या. आता काय सांगणार? मी मनात ठरवलं, आत जायचं, काही करायचं नाही आणि बाहेर येऊन सांगायचं की केला बंद. गळती तर गळती. शोधत बसा म्हणावं.

मी वळले आणि मागून कोणीतरी पोर ओरडलं, "थांबला! सर, थांबला!"

मी अजून दारापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. ठिपका विझला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फ्रिजच होता, फ्रिजच होता, असा गलका झाला. सर हसून म्हणाले, "काकांनी आतून ऐकलं वाटतं." आणि फ्रिजचं दार सैल झालं की वीज कशी जास्त जाते, ते पोरांना समजावून सांगायला लागले.

मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले. दाराला आतून कडी. हे कधी कडी लावत नव्हते. दिवाळीपासून माझ्या कानात बसलेली ती घरघर थांबली होती.

"अहो, कडी काढा," मी हळूच म्हटलं.

मी नखांनी दार वाजवलं. "अहो, ऐका नं."

"जाऊ दे... त्यायले." एकेका शब्दाला श्वास लागत होता. "मग... लावतो. पोरीचं नाव..."

मला मोठ्यानं ओरडता येईना. छपरीत अख्खा वर्ग, भिंतीवर चंद्रकला, वणीला पोरीचं जमत आलेलं. मी दाराला कान लावून पुन्हा पुन्हा अहो, अहो करत होते. तेवढ्यात मला बाजूला सारून आचल पुढं आली. तिनं टाळी वाजवली नव्हती. दिवा थांबला याचा अर्थ त्या पोरांत तिला एकटीलाच कळला होता. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं.

"बाबा, कडी काढा! बाबा!"

सर बोलायचे थांबले. पोरंही थांबली. आचलनं वळून सरांकडं पाहिलं. "सर, तो फ्रिज नाही. ते माझ्या बाबांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. त्यांनी ते बंद केलं."

आता लपवायला काही उरलं नाही, हे आतही ऐकू गेलं असेल. कडी सरकली. दार उघडलं तर हे चौकटीला धरून उभे. ओठ जांभळे, डोळे वर चाललेले, अंग घामानं चिंब. सरांनी धावत येऊन त्यांना काखेत हात घालून सावरलं आणि पलंगावर आणलं. आचलनं बटण दाबलं, मी नळी लावली. घरघर सुरू झाली. बाहेर मीटरपाशी कोणीतरी हळूच म्हणालं, लागला दिवा, आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

बऱ्याच वेळानं यांच्या ओठांवर रंग आला. सर पलंगाशी खालीच बसले होते. यांनी त्यांच्याकडं मान वळवली आणि विचारलं, "सर, फळ्यावरचा पोरीचा तो नंबर गेला का हो?"

सरांनी यांचा हात हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

चंद्रकला पाण्याचा तांब्या घेऊन आत आली होती. मी तिला म्हटलं, झालं समाधान, आता सांग गल्लीभर. ती म्हणाली, "मले संक्रांतीपासून माहीत आहे वच्छला. भिंतीला भिंत आहे आपली. तुझा फ्रिज रात्रभर खोकते, ते ऐकू येत नाही का?"

"मग बर्फ कायले मागत होती?"

"तुझा फ्रिज खरा वाटावा म्हणून," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. सरांसमोर, पोरांसमोर, काही वाटलं नाही.

बातमी वणीला पोचायला वेळ लागला नाही. मध्यस्थ येऊन पाणी पिऊन गेले. म्हणाले, मंडळी कळवतो म्हणतात. त्यांनी कळवलं नाही. प्रणालीनं बघण्याच्या वेळची साडी घडी घालून पेटीत ठेवली आणि डाळ निवडायला बसली. पुढं तिचं चांगल्या घरी झालं, ते वेगळं. पण यांनी ते मनाला फार लावून घेतलं. धाकटीचं नाव राखायला गेलो आणि थोरलीचं मोडलं, असं म्हणायचे. मी किती समजावलं. ज्यांना तुमचा खोकला नको, त्यांची सून होऊन पोरीनं काय केलं असतं, म्हटलं. हे भिंतीकडं तोंड करून पडायचे.

मग एप्रिल तापायला लागला आणि वेगळंच संकट आलं. आमचं घर गल्लीच्या शेवटच्या खांबावर. दुपारी सगळीकडं कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्यापर्यंत वीज यायची ती नुसती मेलेली. बल्बची तार लाल दिसायची, पंखा मोजता येईल असा फिरायचा. बाकीच्यांचं उकडण्यावर निभायचं. यांचं मशीन मात्र पीं-पीं करायचं आणि बंद पडायचं. स्टॅबिलायझर लावून पाहिला, तोही खट करून हात वर करायचा. कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, वीज गेली तर असू दे म्हणून, पण रोज दुपारी तो लावला तर किती पुरणार? भरून आणायला शहरात जावं लागायचं. वीज ऑफिसात अर्ज दिला, ट्रान्सफॉर्मरची नवी डीपी बसेल म्हणाले. दवाखान्यात राहा म्हटलं, तर हे ऐकेनात. घरातून हलायचं नाही म्हणाले.

अशाच एका दुपारी उरकुडे सर यांना भेटायला आले आणि त्यांच्यासमोरच मशीन पीं-पीं करायला लागलं. मी सिलिंडरची चावी फिरवली. सर सगळं पाहत होते. नंतर ते उन्हात बाहेर गेले आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत वर बघत चालत राहिले. आमच्या घरापासून थेट गल्लीच्या तोंडाशी शंकरचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी पोरांना आमच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली उभं केलं. म्हणाले, एका नळावर आठ तोट्या बसवल्या आणि आठही उघडल्या, तर शेवटच्या तोटीला काय येतं? पोरं म्हणाली, करंगळीएवढी धार. सर म्हणाले, आचलचं घर शेवटची तोटी आहे. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

पोरं गल्लीत फिरायला लागली. दुपारी दोन ते चार कूलर बंद ठेवा, मोटार लावू नका, देवरावकाकांचं मशीन चालू राहू द्या. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे, त्यालाच कळेल हे काय मागणं होतं. त्या वेळी घराची भिंत हाताला चटका देते. बाया ओल्या चादरी खिडकीला लावायच्या, तान्ह्या लेकरांना ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. सगळी काही देवमाणसं नव्हती. एकीनं तोंडावर सांगितलं, आम्ही कूलर काय शोभेला घेतला? शंकर तर म्हणाला, वेल्डिंग बंद ठेवून मी खाऊ काय? आचल खाली मान घालून परत आली. मग चंद्रकला गेली. तिथं जाऊन तिनं शंकरला काय सांगितलं, ते देव जाणे, पण त्या दिवसापासून शंकर दिवस उजाडायच्या आत वेल्डिंग करायला लागला आणि दुपारी दुकानाबाहेर बाजेवर पडून राहायला लागला. हळूहळू बाकीचेही आले. दोन वाजले की एकेका घरातला कूलर थांबायचा आणि आमच्या स्टॅबिलायझरचा काटा सरकत सरकत जागेवर यायचा.

यांना हे आवडलं नाही.

"वच्छला, त्या लेकरायले सांग, बंद करा हे," एक दिवस ते म्हणाले. "माझ्यासाठी सगळी गल्ली उकडून राहिली. मी कोण लागून गेलो?"

मी काही बोलायच्या आत आचल म्हणाली, "बाबा, तुम्ही रात्रपाळीला कोळशात उभे राहायचे, तेव्हा ही गल्ली पंख्याखाली झोपायची. तेव्हा तुम्ही कोणाला विचारलं का, की तुम्ही कोण लागून गेले?"

भाषणं देऊन देऊन पोरगी तोंडाची फटकळ झाली होती. पण हे हसले. हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं आणि मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी यांनी नळी लांब करून मागितली आणि दारात खुर्ची टाकून बसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा गल्लीनं यांना पाहिलं. फार खंगले होते. येणारा-जाणारा थांबायचा, रामराम करायचा, हे हात वर करायचे. मग रोजच बसायला लागले. पोरं पायऱ्यांवर येऊन बसायची आणि विचारायची, काका, वीज कशी होते? हे थांबत थांबत सांगायचे. कोळशानं भरलेली रेल्वेची वाघीण कशी उलटते, पट्ट्यावरून कोळसा कसा वर जातो, पिठासारखा कसा दळतात. एकदा यांनी एका पोराला दोन ओंजळी माती भरायला लावली आणि म्हणाले, "एक कूलर रात्रभर चालला नं, की एवढा कोळसा जळते. आम्ही तो कोणाच्या घरचा, हे कधी पाहिलं नाही. जळू देत गेलो." पोरं त्या मातीकडं बघत राहिली. उरकुडे सर मागं सायकल धरून उभे होते. मला म्हणाले, काकू, माझं वर्षभराचं शिकवणं यांनी एका संध्याकाळी शिकवलं.

मला मनात आशा वाटायला लागली होती. का खोटं बोलू? वाटायचं, दुपारचं तेवढं सांभाळलं, की उन्हाळा निघून जाईल. उन्हाळा निघून गेला, की व्होल्टेज पडणार नाही. मग हे दारात बसतील, पोरांना गोष्टी सांगतील. एखादं वर्ष, दोन वर्षं. माणूस खुर्चीत बसलेला असला तरी घर भरलेलं असतं.

मे संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. दोन वाजले, कूलर थांबले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी यांना कैरीचं पन्हं दिलं, दोन घोट घेतले आणि पेला परत केला. आचल पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"तू घे गं वारा," हे तिला म्हणाले. "मले लागून राहिला."

मग डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. आचल वारा घालत राहिली. जरा वेळानं तिचा हात थांबला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी यांच्या छातीवर हात ठेवला.

मशीन नीट चालू होतं. व्होल्टेज पूर्ण होतं, काटा जागेवर होता, नळीतून ऑक्सिजन येत होता. सगळं होतं. घेणारा माणूस नव्हता. व्होल्टेज पडलं असतं, वीज गेली असती, कोणी मेल्यानं कूलर चालू ठेवला असता, तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. कोणाचंही काही चुकलं नव्हतं. यांची उमर तेवढीच होती.

प्रणालीनं मशीन बंद केलं. मला रडूच येईना. मी यांचे पाय सरळ केले, चादर ओढली आणि उंबऱ्यात जाऊन बसले. काय करायचं असतं अशा वेळी, कोणाला बोलवायचं, काही सुचेना. आचलनं ओढणीनं तोंड पुसलं आणि चपला घालायला लागली.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"सांगून येते," ती म्हणाली.

ती आधी चंद्रकलाच्या दारात गेली. मला तिथून सगळं ऐकू येत होतं.

"काकू, कूलर लावा आता."

"अगं, चार कुठं वाजले?"

"लावा काकू. आता नाही लावला तरी काही फरक नाही."

चंद्रकलानं तिला जवळ ओढलं. आचल थोडा वेळ तिच्या खांद्यावर राहिली, मग सोडवून घेऊन पुढच्या घरी गेली. तिथंही तेच. काका, कूलर लावा आता. आजी, लावा कूलर. एकही दार तिनं सोडलं नाही. त्या भर उन्हात, ज्या ज्या घरी तिनं बंद करा म्हणून सांगितलं होतं, त्या त्या घरी ती चालू करा म्हणून सांगत गेली. शंकरच्या दुकानापर्यंत गेली. तिला रडताना मी पाहिलं नाही.

मी उंबऱ्यात बसून कूलरचा आवाज यायची वाट पाहत होते. वाटत होतं, आता सुरू होतील. शंकरच्या दुकानापासून आमच्या घरापर्यंत कोणीच बटण दाबलं नाही. घामानं भिजलेली माणसं एकेक करून घरातून बाहेर आली आणि आमच्या फाटकाशी उन्हात येऊन उभी राहिली. तेव्हा मला रडू आलं.